विहिरीवरचा बंदोबस्त आणि विहिरीतले पाणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आपल्याकडे चर्चा झाली आणि तीत असा युक्तिवाद पुढे आला की दुष्काळ, पूर, उष्णतेच्या लाटा यांना पर्यावरणाचे प्रश्न म्हणण्याऐवजी राष्ट्रीय सुरक्षेचे प्रश्न म्हटले, तर सरकार त्यांना पैसा, माणसे आणि वेळ देईल. प्रशासनात काम केलेल्या माणसाला हे पटते का, आणि आपल्या प्रबंधात हीच भूमिका घ्यावी का, असे आपण विचारले आहे. मी महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून लागलो आणि उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीतील बहुतेक उन्हाळे मराठवाड्यात टंचाईचे आराखडे करण्यात आणि टँकर चालवण्यात गेले. त्यामुळे मी उत्तर देतो ते मुख्यतः पाण्याच्या अनुभवावरून, हे आधी सांगून ठेवतो.

पाण्याकडे गांभीर्याने पाहिले जावे, ही आपल्या वर्गाची तळमळ रास्त आहे. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. एखाद्या प्रश्नावर सुरक्षेचा शिक्का बसला की त्याची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. नव्या टेबलावर बसलेल्या माणसाचे अधिकार निराळे असतात, त्याला विचारले जाणारे प्रश्न निराळे असतात आणि त्याच्यासमोर कोण उभे राहू शकते तेही निराळे असते. बॅरी बुझान आणि ओले वेव्हर या अभ्यासकांनी हीच प्रक्रिया ‘सुरक्षाकरण’ म्हणून मांडली, हे आपण अभ्यासक्रमात वाचले असेलच. एखादी गोष्ट अस्तित्वावरील संकट म्हणून मांडायची, श्रोत्यांनी ती तशी स्वीकारायची, आणि मग एरवी चालले नसते असे असाधारण उपाय चालवून घ्यायचे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. म्हणून आपल्या वर्गाने विचारायला हवे ते असे की नव्या टेबलावर गेल्यानंतर निर्णय कोण घेणार, माहिती कोणाच्या हाती राहणार आणि कोणता प्रश्न कोणीच विचारणार नाही.

मला हे पुस्तकातून कळले नाही. एका उन्हाळ्यात मी तहसीलदार असलेल्या तालुक्यात एका गावाजवळची खासगी विहीर आम्ही अधिग्रहित केली होती. तिच्यावर टँकर भरून दोन वाड्या आणि दोन तांडे यांना पाणी जात असे. आमच्या शिवारातील पाणी बाहेर का जाते, म्हणून गावातील काही लोकांनी टँकर अडवला, तांड्यावरची माणसे धावून आली, हाणामारी झाली आणि दोघांची डोकी फुटली. पोलिसांचा अहवाल दुपारी आला, मी प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, प्रस्ताव पाठवला आणि त्याच संध्याकाळी विहिरीच्या परिसरात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जमावबंदीचा आदेश निघाला. दोन शिपाई विहिरीवर बसले आणि दुसऱ्या दिवशी सगळे शांत झाले. मी जिल्ह्याला समाधानाने कळवले की परिस्थिती नियंत्रणात आहे.

आठव्या दिवशी तांड्यावरची एक वृद्ध बाई कचेरीत आली आणि तिने सांगितले की टँकर दिवसाआड एकच येतो. लॉगबुकात मात्र रोज दोन खेपांची नोंद होती. मी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आदेशापूर्वी विहिरीवर जी गर्दी असायची, तीच खेपा मोजत असे. कोणता टँकर भरला, तो कोणत्या रस्त्याने गेला, चालकाने वाटेत कोणाच्या हौदात पाणी सोडले, हे त्या बायाबापड्यांना तोंडपाठ असे आणि ते तलाठ्यापर्यंत पोहोचत असे. आम्ही गर्दी हटवली आणि तिच्याबरोबर मोजणीही हटवली. शिपायांना शांतता राखायला सांगितले होते, खेपा मोजायला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे दोष त्यांचा नव्हता. आदेशाचा मसुदा माझ्याच कचेरीत झाला होता.

त्याहून गंभीर बाब मी त्या चौकशीच्या दिवशी विहिरीवर उभा असताना पाहिली. तिथून हाकेच्या अंतरावर एक बोअर रात्रंदिवस चालू होती आणि तिच्यावर ऊस भिजत होता. भांडण ज्या पाण्यासाठी झाले ते पाणी जमिनीखालून त्या बाजूला ओढले जात होते. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळचा उपसा टंचाईच्या काळात थांबवण्याचा अधिकार १९९३ च्या भूजल कायद्याने दिलेला होता, परंतु त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या तांत्रिक अधिकाऱ्याचा अहवाल लागत होता, बोअरच्या मालकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागत होते. जमाव थांबवायला मला अर्धा दिवस लागला आणि उपसा थांबवायला जवळजवळ तीन आठवडे. सुनावणीची ती अट गैर आहे असे मी म्हणत नाही, शेतकऱ्याच्या पिकाचे पाणी तोडण्यापूर्वी त्याचे ऐकायलाच हवे. मला खंत याची आहे की उपशाचा प्रस्ताव मी आठव्या दिवसानंतर पाठवला, कारण तोपर्यंत ‘परिस्थिती नियंत्रणात’ असल्याने तो पाठवण्याची निकड मलाच वाटली नव्हती.

हेच मोठ्या प्रमाणावर कसे दिसते ते लातूरने दाखवले. २०१६ च्या मार्चमध्ये शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडलेले असताना लातूर शहरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याची ठिकाणे यांच्याभोवती कलम १४४ लावण्यात आले. पाचहून अधिक लोकांनी जमू नये, असा तो आदेश मेअखेरपर्यंत होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, असे पाच लाख लिटर पाणी तिने आणले, आणि पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवरून रोज शहराला पाणी आणणे ही रेल्वेची, मिरजेच्या आणि लातूरच्या कर्मचाऱ्यांची खरोखर अजोड कामगिरी होती. जमावबंदीचा आदेश काढणाऱ्यांनाही मी दोष देणार नाही. टाकीवर रात्री दोन वाजता हंड्यांची रांग आणि तिथली चिडलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला त्या आदेशामागची भीती कळते. परंतु टंचाईच्या त्या महिन्यांत मांजरेचे पाणी आधीच्या वर्षांत कुठे गेले, लाभक्षेत्रात उसाखालील क्षेत्र कसे वाढत गेले, बोअर किती खोल गेल्या आणि शहराच्या जलवाहिन्यांतून किती पाणी गळते, हे प्रश्न आदेशांत नव्हते, बैठकांच्या कार्यवृत्तात मागे पडले आणि त्या वर्षी पाऊस चांगला झाल्यावर निकडही संपली. संकट संपते तेव्हा सुरक्षेची यंत्रणा परत जाते. ते तिच्या स्वभावातच आहे. टंचाईचे कारण मात्र कुठेही जात नाही.

याच्या शेजारी १९७२ चा दुष्काळ ठेवून पाहावा. तो लातूरच्या टंचाईपेक्षा कितीतरी व्यापक होता आणि उपासमारीची भीती खरी होती. त्या वेळी राज्याने लोकांना कामाच्या ठिकाणी एकत्र आणले. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे, असे मिळेल ते काम आणि त्याची मजुरी. त्या कामांतील बरीचशी निकृष्ट झाली, मजुरी उशिरा मिळाली, हे त्या पिढीतले कोणीही सांगेल. पण विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या अनुभवातून रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. दुष्काळाची व्याख्या ‘कामाचा हक्क’ अशी झाल्यामुळे तहसीलदाराच्या कचेरीपुढे जमलेला जमाव मजूर म्हणून पाहिला गेला, त्याच्या हातात मागणीचा अर्ज आला आणि काम न दिल्यास उत्तर देण्याची जबाबदारी शासनावर आली. त्याच तऱ्हेची माणसे, तसेच ऊन, आणि शासनाने विचारलेला प्रश्न बदलताच उत्तर किती बदलले, हे आपल्या प्रबंधासाठी मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

जमावाकडे केवळ धोका म्हणून पाहण्याची किंमत काय असते, याचे दुःखद उदाहरण पुणे जिल्ह्यातील मावळचे आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे पाणी नेण्याच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. त्यानंतर ती जलवाहिनी दशकाहून अधिक काळ रखडली. शहराची तहान खरी होती आणि शेतकऱ्यांची भीतीही खरी होती. त्या दोन्हींचा हिशेब पाटबंधारे खात्याच्या टेबलावर बसून करायचा होता.

येथपर्यंत मी म्हणालो ते इतकेच की सुरक्षेची यंत्रणा वेगवान असते आणि लक्षणावर काम करते. आता दुसरी बाजू, जी वर्गातील चर्चेत बहुधा आली नसावी. ‘सुरक्षा’ हा शब्द पर्यावरणाच्या बाजूने उभा राहील असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो अनेकदा पर्यावरणावर मात करण्यासाठी वापरला जातो. उत्तराखंडातील चारधाम रस्त्यांचे प्रकरण पाहा. रस्ता किती रुंद असावा, यावर डोंगरउतारांचा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये साडेपाच मीटरची मर्यादा मान्य केली होती. पुढे चीनच्या सीमेपर्यंत सैन्याची अवजड वाहने जायला हवीत, ही संरक्षण मंत्रालयाची बाजू मान्य करून न्यायालयाने १४ डिसेंबर २०२१ रोजी दुपदरी रुंदीकरणाला परवानगी दिली. सैन्याची गरज खोटी होती असे मी म्हणत नाही, ते सांगण्याचा मला अधिकारही नाही. पण डोंगर कापला जाताना तो कोणत्या कारणासाठी कापला जातो आहे, हे डोंगराला कळत नाही. दरड कोसळली की त्याच रस्त्याने सैन्यही अडते. पुढे २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतील, सामरिक महत्त्वाच्या रस्ते-रेल्वेसारख्या प्रकल्पांना त्या कायद्याच्या परवानगीतून सूट मिळाली. सिक्कीमसारखे अख्खे राज्य त्या पट्ट्यात बसते. म्हणून पाणी आणि जंगल हे सुरक्षेचे विषय आहेत असे आपण मोठ्याने म्हणू लागलो, तर त्या शब्दावर आधीपासून ज्यांचा ताबा आहे त्यांच्या अग्रक्रमांच्या रांगेत आपला विषय शेवटी उभा राहण्याची शक्यता अधिक आहे.

माहितीचेही तसेच आहे. टंचाईत किंवा पुरात काम करणाऱ्याला सर्वांत आधी आकडे लागतात, म्हणजे धरणात किती, नदीत किती, विसर्ग किती. कृष्णा आणि गोदावरी खोऱ्यांतील पाणीपातळीचे आकडे मिळतात, त्यांवर वाद होतात आणि व्हायलाच हवेत. २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर बुडाले तेव्हा कर्नाटकातील अलमट्टी धरणामुळे फुगवटा आला की नाही, यावर गावोगावी लोक आकडे घेऊन भांडत होते आणि नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीलाही त्याचा अभ्यास करावा लागला. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या खोऱ्यांतील प्रवाहाची आकडेवारी मात्र सीमेपलीकडील नद्यांची म्हणून गोपनीय वर्गात ठेवली जाते, आणि बिहार किंवा आसाममधील अभ्यासकाला आपल्याच दारातील नदीबद्दल तसा वाद घालता येत नाही. शेजारी देशांतही हीच वृत्ती आहे. भारत आणि चीन यांच्यात सीमेवर डोकलामचा तणाव ज्या वर्षी झाला त्या २०१७ मध्ये चीनकडून ब्रह्मपुत्रेची पावसाळ्यातील आकडेवारी भारताला मिळाली नाही. पाणी हत्यार मानले की त्याचे मापही लपवले जाते, आणि त्याचा पहिला फटका खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला बसतो. माझ्या विहिरीवर बंद पडलेली मोजणी आणि ही गोपनीयता यांत मला फरक फक्त आकाराचा दिसतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताची भूमिका आपण आवर्जून वाचावी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हवामानबदलावर पहिली चर्चा ब्रिटनच्या पुढाकाराने एप्रिल २००७ मध्ये झाली. १३ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे चारधामचा निकाल लागण्याच्या आदल्या दिवशी, आयर्लंड आणि नायजर यांनी हवामानबदलाला सुरक्षेच्या चौकटीत आणणारा ठराव परिषदेपुढे ठेवला. बारा देशांनी बाजूने मत दिले, चीन तटस्थ राहिला, भारताने विरोधात मत दिले आणि रशियाच्या नकाराधिकाराने तो ठराव फेटाळला गेला. भारताचे म्हणणे असे होते की हवामानाचे निर्णय जिथे सर्व देश बसतात त्या हवामान कराराच्या व्यासपीठावर व्हावेत, कारण तिथे कोणी किती प्रदूषण केले आणि कोणी किती पैसा द्यायचा हे प्रश्न विचारता येतात. पंधरा देशांच्या आणि पाच नकाराधिकारांच्या परिषदेत तो हिशेब मागे पडतो. मला हा युक्तिवाद भक्कम वाटतो. आणि तो भक्कम वाटतो म्हणूनच मी म्हणतो की जगात आपण जे मागतो ते देशातही लागू करावे. तांड्यावरची बाई जिथे बसू शकते, त्याच टेबलावर पाण्याचा निर्णय व्हावा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण गणवेशातील यंत्रणेची गरजच नाही असा माझ्या म्हणण्याचा अर्थ काढू नये. चक्रीवादळ आणि पूर यांत ती जीव वाचवते. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या फायलीन वादळात मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला, आणि २०१९ च्या फनी वादळापूर्वी सुमारे बारा लाख लोकांना हलवण्यात आले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा त्यात मोठा वाटा होता, परंतु तेवढाच मोठा वाटा किनाऱ्यावर बांधलेल्या निवाऱ्यांचा, गावातील स्वयंसेवकांचा आणि दरवर्षी होणाऱ्या सरावाचा होता. ती तयारी चौदा वर्षे साध्या नागरी खात्यांनी केली. वादळाला तारीख असते, वाट असते आणि शेवट असतो, म्हणून तिथे आणीबाणीची भाषा शोभते. दुष्काळ हळूहळू येतो, त्याला कोणी शत्रू नसतो, आणि ज्यांच्यावर निर्बंध घालायचे ते आपलेच शेतकरी, आपलेच कारखाने आणि आपलीच शहरे असतात. तिथे आदेशापेक्षा वाटणीचा करार लागतो आणि करार बंदोबस्तात होत नाही.

पैशाबद्दलही आपल्या वर्गाचा अंदाज मला अर्धाच खरा वाटतो. आणीबाणी जाहीर झाली की पैसा येतो, पण तो आणीबाणीच्याच वस्तूंवर खर्च करता येतो. माझ्या तालुक्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे दरवाजे ऑक्टोबरमध्ये बसवले की नाल्यात महिनाभर अधिक पाणी टिकत असे. कितीतरी वर्षे ते दरवाजे दुरुस्तीअभावी गोदामात पडून राहिले, आणि एप्रिलमध्ये त्याच शिवारात टँकरला पैसा कधी कमी पडला नाही. ऑक्टोबरमध्ये संकट दिसत नसते, त्यामुळे संकटाच्या नावाने पैसा मागताही येत नाही.

या अनुभवानंतर मी माझ्या पुरती एक पद्धत ठरवली. जमावबंदीचा प्रस्ताव पाठवायची वेळ आलीच, तर त्याच दिवशी त्याच पाकिटात उपशावरील निर्बंधाचा प्रस्ताव जोडायचा. आदेशाची मुदत पंधरा दिवसांहून अधिक मागायची नाही. आणि प्रत्येक वाडीतून व तांड्यातून दोन बायकांना आदेशातून नावानिशी वगळायचे, त्यांनी विहिरीवर बसायचे आणि प्रत्येक खेपेला लॉगबुकावर सही किंवा अंगठा करायचा. पोलीस अधिकाऱ्यांनी सुरुवातीला याला विरोध केला, कारण जमावबंदीत अपवाद ठेवले की बंदोबस्त अवघड होतो, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. काही ठिकाणी हे जमले नाही. जिथे जमले तिथे खेपांच्या तक्रारी कमी झाल्या आणि ज्या आल्या त्या तारखेसह आल्या.

आपल्या प्रबंधासाठी माझी सूचना अशी. सुरक्षाकरण योग्य की अयोग्य, या वादात सगळी पाने खर्च करू नका. मराठवाड्यातील एखादा जिल्हा आणि टंचाईचे एक वर्ष निवडा, माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे त्या वर्षीचे जमावबंदीचे सर्व आदेश आणि भूजल कायद्याखालील उपशावरील निर्बंधाचे सर्व आदेश मागा. जुने आदेश कलम १४४ खाली मिळतील, जुलै २०२४ नंतरचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. दोन्ही गठ्ठे तारखेप्रमाणे लावा, एकाच गावाचे आदेश शेजारी ठेवा आणि दोन तारखांमधले दिवस मोजा. काही गावांचा दुसरा कागद सापडणारच नाही. त्या गावांची यादी वेगळी करा आणि शक्य असेल तर उन्हाळ्यात तिथे जाऊन या.